नवीन सर्व्हर, लिंकचा लाईट हिरवागार, पण कॉपी रखडते – कार्ड बदलू की स्विच?

चाकणचा_चक्रधर
मंडळी मदत हवीये. चाकण एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे, ऑटो पार्टची, तिथे मीच आयटी, मीच सीसीटीव्ही आणि प्रिंटरचा टोनर हलवून परत बसवणाराही मीच. दिवाळीनंतर फाइल सर्व्हर बदलला. नवीन मशीन, लिनक्स, त्यावर सांबा शेअर (विंडोजवाल्या मशीनना फाइली दिसायला), ड्रॉइंगं आणि टॅलीचा बॅकअप. जुना सर्व्हर होता तोवर नेटवर्कची एक तक्रार नव्हती. आता रात्रीचा बॅकअप सकाळची शिफ्ट आली तरी चालूच असतो, आणि डिझाइनवाल्यांनी ड्रॉइंग उघडलं की हिरवी पट्टी अर्ध्यावर येते आणि तिथेच मुक्काम करते.
गंमत म्हणजे पिंग, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघणं, एकदम क्लीन. एक पॅकेट पडत नाही, एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर. लिंक लाईट लागलेला. ऑनबोर्ड कार्डावर संशय म्हणून वेगळं कार्ड आणून स्लॉटमध्ये लावलं, तेच रडगाणं. ड्रायव्हर नवा टाकला, पॅच कॉर्ड बदलली, काही फरक नाही. साहेब म्हणतात स्विच गेला असेल, कोटेशन मागव. स्विच मॅनेज्ड आहे, म्हणजे आत जाऊन पोर्टांची सेटिंग बदलता येते, माझ्या आधीच्या माणसाने लावलेला, पासवर्ड आहे माझ्याकडे. खरंच स्विच गेला असेल का?

बंडोपंत_बँडविड्थ
बंद करून चालू केलंत का?

चाकणचा_चक्रधर
केलं हो. सर्व्हर, स्विच दोन्ही. साहेबांना पण सांगितलं करून बघा, ते रागावले.

सावंतवाडी_वाला
रॅकला लिंबू-मिरची बांधा आणि धागा वर ठेवा, तज्ज्ञ मंडळी रात्री दहानंतर येतात इथे.

अनघा_नाशिक
कोटेशन थांबवा. पिंग स्वच्छ आणि मोठी फाइल रखडते, हे लक्षण ओळखीचं आहे. सर्व्हरवर एथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती देणारी कमांड) चालवा, फक्त इंटरफेसचं नाव देऊन, आणि स्पीड, डुप्लेक्स (फुल म्हणजे दोघं एकाच वेळी बोलतात, हाफ म्हणजे आळीपाळीने) आणि ऑटो-निगोशिएशन (हे दोन्ही टोकांनी आपसात बोलून ठरवणं) या तीन ओळी इथे टाका. मग एथटूलच मायनस कॅपिटल एस देऊन चालवा, त्यात शंभर काउंटर येतील, त्यातले शून्य नसलेलेच लिहा. स्विचच्या पोर्टचे एरर काउंटर पण बघा. आकडा किती आहे त्यापेक्षा कॉपी चालू असताना तो वाढतोय का ते बघा, जुना साचलेला आकडा वर्षापूर्वीचाही असू शकतो.
लाईटवर जाऊ नका. लिंक आहे एवढंच लाईट सांगतो, कशी आहे ते नाही सांगत.

जुना_खेळाडू
एवढं कशाला. दोन्हीकडे स्पीड डुप्लेक्स हार्ड सेट करा, म्हणजे हाताने पक्कं करून टाका, आणि विषय संपवा. आम्ही ९७-९८ साली नोव्हेलच्या सर्व्हरवर हेच करायचो, ऑटोवर सोडलेलं मशीन दिसलं की आमचे साहेब ओरडायचे. ऑटो म्हणजे देवभरोसे.

डब्लिनकर
काका, त्या काळी ते बरोबरच होतं. फास्ट इथरनेटचं, म्हणजे १०० मेगाबिटचं, स्टँडर्ड १९९५ चं, त्यातला ऑटो-निगोशिएशनचा भाग प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने वाचला आणि एकाचं कार्ड दुसऱ्याच्या स्विचशी धड बोलायचं नाही. १९९८ च्या आवृत्तीत ते निस्तरलं. १९९९ ला तांब्यावरचं गिगाबिट आलं त्यात तर ऑटो सक्तीचंच आहे, कारण घड्याळ कोणाचं चालणार, म्हणजे मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण, हेसुद्धा त्या बोलणीतच ठरतं. १००० फुल 'हार्ड सेट' केलं असं स्क्रीनवर दिसलं तरी आतून बहुतेक कार्डं ऑटोच करतात, फक्त तेवढा एकच पर्याय समोर मांडतात.

जुना_खेळाडू
स्टँडर्ड वाचून लिंक येत नाही. मी रॅकसमोर उभं राहून शिकलोय.

डब्लिनकर
मीही रॅकसमोरच होतो काका, फक्त इथे एसी जास्त गार आहे :)

लातूरचा_लाल्या
सर्व्हर आणि स्विच एकाच बिल्डिंगीत आहेत ना? विचारायचं कारण, आमच्याकडे ऑफिस आणि गोडाऊनमध्ये साधी केबल टाकलेली होती, उघड्यावरून, पत्र्याच्या कडेने. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज पडली कुठेतरी लांब, पण स्विचची पोर्टं गेली आणि सर्व्हरचं कार्ड पण गेलं. सगळीच गेली असती तर बरं, काही पोर्टं अर्धमेली राहिली, लाईट लागायचा आणि डेटा जायचा नाही, त्या पोर्टांनी फार छळलं. मग दोन बिल्डिंगींमध्ये फायबर टाकली आणि टोकांना मीडिया कन्व्हर्टर. काचेतून वीज येत नाही. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर मधे तांबं नकोच.

चाकणचा_चक्रधर
एकाच शेडमध्ये आहे. पण सर्व्हर रॅकमध्ये नाही, अकाउंट्सच्या केबिनमध्ये आहे कारण एसी तिथेच आहे. रॅक स्टोअरमध्ये, भिंतीवर वर. मधली केबल फॉल्स सीलिंगमधून गेलीये, जुनीच.

अनघाताई, हे घ्या. स्पीड १००, डुप्लेक्स हाफ, ऑटो-निगोशिएशन ऑन. खाली आणखी एक ओळ आहे की समोरच्याचं ऑटो-निगोशिएशन 'नो'. काउंटरमध्ये लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर) म्हणून एक आहे तो कॉपी सुरू केली की पळतोय. स्विचच्या पोर्टवर सीआरसी एरर (तपासणीत नापास फ्रेम) आणि रंट (तोकडे तुकडे) वाढतायत, स्विच म्हणतो मी १०० फुल. कार्ड गिगाबिटचं आहे आणि स्विच पण, मग १०० का?

अनघा_नाशिक
झालं, सापडलं. निदान पहिला थर तरी. याला डुप्लेक्स मिसमॅच म्हणतात. स्विचच्या त्या पोर्टला कोणीतरी १०० फुल हार्ड सेट केलंय. हार्ड सेट केलेलं पोर्ट बोलणी करतच नाही, त्यामुळे तुमच्या कार्डाला समोरून उत्तर येत नाही. सिग्नलवरून ते एवढं ओळखतं की वेग १०० आहे, पण फुल की हाफ हे ओळखायला काही साधन नसतं, आणि नियम असा की माहीत नसेल तर हाफ धर. मग स्विच फोनवर बोलल्यासारखा बोलतोय आणि कार्ड वॉकीटॉकीवर. कार्ड पाठवत असताना स्विचही पाठवतो, कार्डाला वाटतं टक्कर झाली, ते फ्रेम अर्धवट सोडतं, आणि स्विचला तो तुटका तुकडा सीआरसी एरर म्हणून दिसतो. पिंगमध्ये एका वेळी एकच जण बोलतो म्हणून सगळं छान दिसतं. मोठ्या साइझचा फ्लड पिंग (न थांबता लागोपाठ) मारा, तिथेही पडझड दिसेल.
कार्ड बदलून काही होणार नव्हतं, कार्ड नियमाप्रमाणेच वागतंय.

मृणाल_म
मग जुन्या सर्व्हरला का नाही झालं?

अनघा_नाशिक
माझा अंदाज, आधीच्या माणसाने जुन्या सर्व्हरवरही १०० फुल हार्ड सेट केलं असणार. दोन्ही टोकं सारखी, म्हणून चालत होतं. नवीन सर्व्हर आला तो ऑटोवर आला.

जुना_खेळाडू
म्हणजे मी काय म्हणत होतो? दोन्हीकडे सारखं. सर्व्हरवर पण १०० फुल टाका, आत्ता चालेल.

बंडोपंत_बँडविड्थ
गिगाबिटचं कार्ड, गिगाबिटचा स्विच आणि १०० वर चालवा म्हणे. काका एक्सप्रेसवेवर पण ताशी चाळीसने जात असतील.

ऐरोली_नाईटशिफ्ट
चक्रधर, पोर्ट ऑटो करण्याआधी स्विचची कॉन्फिग डाउनलोड करून ठेवा. आणि एक सांगू, कोणी मुद्दाम १०० हार्ड सेट केलं असेल तर त्याला काहीतरी कारण असतं, आळशी माणूस तर सगळं ऑटोवरच सोडतो. त्या स्विचवर बाकी पोर्टं पण १०० आहेत का फक्त हे एकच?

चाकणचा_चक्रधर
फक्त हे एकच!! बाकी सगळी ऑटो आणि १००० वर.

ऐरोली_नाईटशिफ्ट
मग जपून.

चाकणचा_चक्रधर
जेवणाच्या सुट्टीत केलं ऑटो. लिंकच गेली. लाईट लागतो, जातो, लागतो, जातो. डीमेसेजमध्ये (लिनक्सचा लॉग) लिंक डाउनच्या ओळीच ओळी. अकाउंट्सच्या मॅडम येऊन उभ्या राहिल्या. परत १०० फुल केलं आणि जुन्या_खेळाडूंचा सल्ला ऐकून सर्व्हरवर पण १०० फुल टाकलं. आता लेट कोलिजन थांबलेत, कॉपी ११ एमबीच्या आसपास चाललीये. बॅकअप सकाळपर्यंत संपेल बहुतेक. पण हे काय आहे?

जुना_खेळाडू
:)

डब्लिनकर
आता खरी मजा. १०० ला चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही. आणि बोलणी कुठे होते? त्याच पहिल्या दोन जोड्यांवर. म्हणजे उरलेल्या दोन जोड्या तुटल्या असतील तर दोघं आनंदाने ठरवतात की गिगाबिट करू, मग लिंक उभी करायला जातात आणि जोड्याच नाहीत, पडतात, परत बोलणी. काही कार्डं आणि स्विच शहाणे असतात, थोडे प्रयत्न फसले की आपणहून १०० वर उतरतात. तुमची जोडी तशी नाही दिसत.

अनघा_नाशिक
+१. स्विचच्या पोर्ट डायग्नोस्टिकमध्ये केबल टेस्ट असते का बघा, बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये असते. ती चालवताना लिंक क्षणभर जाईल, तेव्हा मॅडमना आधी सांगा. कुठली जोडी कुठे तुटलीये, किती मीटरवर, ते अंदाजे सांगते.

सावंतवाडी_वाला
उंदीर. पैज. आमच्याकडे शंभर टक्के उंदीर असतो, आणि पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवं चढतं ते वेगळं. खारी हवा.

मृणाल_म
आमच्याकडे एकदा नुसती झाडू मारताना कनेक्टरची खिट्टी तुटली होती, प्लग अर्धा बाहेर, दिसायला जागेवर. कोणी मोठ्याने दार लावलं की नेट जायचं. असो. दसऱ्याचं आठवलं, तुमच्याकडे पण सर्व्हरला हळदकुंकू लावतात का? आमच्या इथे खंडेनवमीला सगळ्या मशीनबरोबर सर्व्हरची पण पूजा, समोरच्या जाळीला झेंडूची माळ, आणि मग पंखा पाकळ्या ओढतो आत.

लातूरचा_लाल्या
आमच्याकडे उदबत्ती स्विचच्या व्हेंटमध्ये खोचली होती. राख आत. देव भावाचा भुकेला, पण स्विचला हवा लागते.

बंडोपंत_बँडविड्थ
रॅकवर कुंकू आहे का बघा चक्रधर, मागच्या माणसाने काय काय करून ठेवलंय त्याचा अंदाज येईल.

चाकणचा_चक्रधर
कुंकू आहे, स्वस्तिकही आहे.
केबल टेस्ट सापडली. ए आणि बी जोडी ओके. सी आणि डी ओपन, अंतर दोन मीटर दाखवतोय. दोन मीटर म्हणजे रॅकमध्येच. संध्याकाळी शिडी लावतो.

ऐरोली_नाईटशिफ्ट
दोन्ही जोड्या एकाच अंतरावर ओपन? हे उंदराचं काम नाही. उंदीर इतका शिस्तीत खात नाही.

वाचनमात्र
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ऐरोली_नाईटशिफ्ट
तो शिडी चढेपर्यंत एक किस्सा. आमच्याकडे २५ गिगाचे सर्व्हर आले, केबल बरोबर, दोन्ही टोकांना स्पीड २५, आणि लिंक काही येईना. दोन टीम एकमेकांकडे बोट दाखवत बसल्या. कारण निघालं एफईसी, म्हणजे चुका दुरुस्त करण्याची पद्धत. कार्ड आरएस पद्धतीवर आणि स्विचचं पोर्ट 'नन' वर. दोन्हीकडे एकच ठेवल्यावर लगेच आली. १० गिगात हा त्रास सहसा कोणाला भेटलेला नसतो म्हणून २५ वर गेल्यावर बघायचं सुचतच नाही. एथटूललाच शो-एफईसी असा पर्याय आहे.

मृणाल_म
फायबर असेल तर मी आधी दोन धागे उलटे करून बघते. एकाचं ट्रान्समिट दुसऱ्याच्या रिसीव्हला जायला हवं, आणि पॅच पॅनेलमधून जाता जाता कुठेतरी ते सरळ होऊन बसतं. शॉर्ट रेंजचं ८५० नॅनोमीटरचं मोड्यूल असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात फिकट जांभळा ठिपका दिसतो. मात्र डोळा लावून बघायचं नाही, कधीच. लाँग रेंजचं १३१० असतं ते मोबाइलला दिसत नाही, म्हणून 'प्रकाशच येत नाही' असं लगेच ठरवू नका.

लातूरचा_लाल्या
माझा पण एक प्रश्न यातच घुसवतो. दोन केबल लावून बाँडिंग केलंय, म्हणजे दोन्ही मिळून एकच लिंक, आता ऑफिसातल्या काही मशीनना सर्व्हर दिसतो आणि काहींना अजिबात नाही. ज्यांना दिसतो त्यांना कायम दिसतो.

अनघा_नाशिक
स्विचवर ती दोन पोर्टं एका ग्रुपमध्ये घेतलीत का, आणि कशी? सर्व्हर एलएसीपी (ग्रुप आपसात बोलून ठरवायची पद्धत) बोलतोय आणि स्विचवर स्टॅटिक, म्हणजे हाताने बांधलेला, ग्रुप असेल तर असंच होतं. स्विच कुठल्या मशीनचा ट्रॅफिक कुठल्या केबलवर टाकायचा ते पत्त्यावरून ठरवतो, आणि सर्व्हरने त्यातली एकच केबल धरलेली असते. दुसरीवर ज्यांचा नंबर लागला ते गेले. प्रॉक मधल्या नेट, बाँडिंग फोल्डरमध्ये बाँडच्या नावाची फाइल असते, ती वाचा, दोन्ही केबलचा अॅग्रिगेटर आयडी एकच हवा. वेगळा दिसला तर स्विचवर एलएसीपी करा. आणि दोन केबल लावल्या म्हणजे एक कॉपी दुप्पट वेगाने होईल असं समजू नका, एका कॉपीला एकच केबल मिळते.

लातूरचा_लाल्या
आयडी वेगळे आहेत. स्विचवर स्टॅटिकच होतं. दंडवत घ्या.

चाकणचा_चक्रधर
मंडळी बसून घ्या.
शिडी लावली, पॅच पॅनेलच्या मागचं झाकण काढलं. केबलचं करडं आवरण वीतभर सोललेलं, केशरी आणि हिरवी जोडी सर्व्हरच्या जॅकवर व्यवस्थित पंच केलेली, आणि निळी आणि चॉकलेटी जोडी बाजूला वळवून, काळी टेप मारून, दुसऱ्याच एका प्लगमध्ये क्रिम्प केलेली. तो प्लग स्विचच्या बाजूच्या पोर्टात. त्या पोर्टवर काय आहे म्हणून बघितलं तर थंब मशीन. हजेरीचं. अकाउंट्सच्या केबिनबाहेर पॅसेजमध्ये लावलंय ते. केबिनमधला भिंतीवरचा बॉक्स उघडला तर तिथेही तेच, तिथून दोन जोड्या भोक पाडून बाहेर गेल्यात.
म्हणजे एका केबलमध्ये दोन लाइनी. थंब मशीन १०० चंच आहे त्यामुळे ते मजेत.

बंडोपंत_बँडविड्थ
एका तिकिटात दोन सीट. मागचा माणूस कलाकार होता.

जुना_खेळाडू
ही युक्ती सगळ्यांनी केलेली आहे, हसू नका. १०० च्या जमान्यात दोन जोड्या नुसत्या पडून असायच्या, आणि नवीन केबल ओढायची म्हणजे शेडचं काम थांबवायचं, मालक परवानगी द्यायचा नाही. आणि बघा, त्याने दोन्हीकडे १०० फुल का लावलं होतं ते आता कळलं ना? ऑटोवर लिंक उभीच राहिली नसती. त्याला माहीत होतं तो काय करतोय.

अनघा_नाशिक
खरंय काका. फक्त एक चिठ्ठी रॅकला चिकटवली असती तर चक्रधरचं एक कार्ड वाचलं असतं.
चक्रधर, नवीन केबल पडेपर्यंत एक सुचवते. दोन्हीकडे हार्ड सेट ठेवू नका, उद्या सर्व्हर परत फॉरमॅट झाला की परत हेच होईल. स्विचच्या पोर्टला ऑटो ठेवा पण फक्त १०० पर्यंतच जाहीर करायला सांगा, बहुतेक स्विचमध्ये 'ऑटो १०/१००' असा पर्याय असतो. नसेल तर एथटूलमध्ये अॅडव्हर्टाइज करून १०० फुल एवढंच द्या, त्याचा कोड ० एक्स ००८. मग बोलणी होते, डुप्लेक्स दोघांना कळतं, आणि गिगाबिटचं नाव कोणी काढत नाही.

चाकणचा_चक्रधर
केलं. १०० फुल, ऑटो ऑन, समोरचा पण 'येस'. एरर वाढत नाहीयेत. साहेबांना सांगितलं स्विच चांगला आहे, एक केबल हवीये. ते म्हणाले एवढंच? मग आधी का नाही सांगितलं.

सावंतवाडी_वाला
पुण्याच्या तपकीर गल्लीतून केबल घेणार असाल तर शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्तात मिळते, बॉक्स उचलला की हलका लागतो. जॅकवर पंच करताना तुटते आणि लांबीवर रडते. चाकूने तार खरवडली की आत पांढरं दिसतं.

मृणाल_म
आणि दोन केबल ओढा, एक नाही. सीलिंग उघडलंच आहे तर. दोन्ही टोकांना नंबर लिहा.

चाकणचा_चक्रधर
रविवारी सीलिंग उघडून दोन ओढल्या, तांब्याच्या, खरवडून बघून घेतल्या. सर्व्हर १००० फुल, ऑटो. मोठी फाइल १०८-११० एमबीने जातेय, बॅकअप रात्रीच संपतो. दुसरी केबल थंब मशीनला दिली.
फक्त आज सकाळी एचआरचा फोन, थंब मशीन ऑफलाइन. लाईट लागलेला आहे.

बंडोपंत_बँडविड्थ
पिंग जातोय का?

ऐरोली_नाईटशिफ्ट
ते पोर्ट आधी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) होतं का बघा, जुनी कॉन्फिग डाउनलोड केलीत ना. नवीन पोर्टात टाकलं असेल तर तिथे व्हीलॅन डिफॉल्टच असणार.

चाकणचा_चक्रधर
होतं, व्हीलॅन २०. नवीन पोर्टावर टाकला, मशीन आलं. एचआर विचारतायत सकाळी सातच्या शिफ्टची हजेरी कुठे गेली.

जुना_खेळाडू
मशीनमध्येच साठलेली असते ती, सिंक झालं की येईल सगळी. त्यांना सांगा अर्धा तास थांबा.